पैसे देऊन भांगलायला?

‘घरचं भांगलण सोडून लोकाच्या रानात भांगलायला निघालीस? आन् वर पैसं बी तूच देणार?’

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरमध्ये सेमिस्टर संपल्यावर मी बॅग भरत होते, तेव्हा आजीनं विचारलेला हा प्रश्न. भांगलण म्हणजे खुरपणी, पिकातलं तण काढणं. आमच्या कराडकडे असंच म्हणतात. आमची अडीच एकर जमीन आहे. भांगलून भांगलून आईचे गुडघे गेलेत. आणि पुण्यात शिकणारी तिची लेक पंधरा दिवस तमिळनाडूत ऑरोविलच्या परिसरातल्या एका सामूहिक शेतावर ‘व्हॉलंटिअर’ म्हणून तण काढायला चालली होती. रेल्वेचं तिकीट माझं, तिथल्या जेवणाखाण्याचे रोजचे पैसेही माझेच. ‘अनुभव असतो गं आजी,’ एवढंच मला सुचलं. ‘अनुभव व्हय?’ म्हणत ती पुन्हा शेंगा फोडायला लागली.

आता मात्र हा ‘अनुभव’ कॉलेजात चांगलाच चालतीत आलाय. सुट्टीत कुठं, तर ‘फार्मवर’. पहाटेचं धुकं, मातीनं भरलेले हात, लाकडी टेबलाभोवती पाच देशांची माणसं आणि मागे गिटार, अशा रील्स तुम्हीही पाहिल्या असतील. मीही टाकल्या होत्या. कुणाला हे सगळं थोर समाजकार्य वाटतं, तर कुणाला श्रीमंतांचं नाटक. मला दोन्ही पटत नाही. माझं म्हणणं सरळ आहे: जरूर जा, पण मदत करायला चाललोय या समजुतीत जाऊ नका. पंधरा दिवसांत आपण शेताला फारसं काही देत नाही, उलट घेऊन येतो. ते कुठं आणि कसं फेडायचं, यावर त्या मुक्कामाला अर्थ आहे की नाही हे ठरतं.

शब्दच बदलावा लागला

शहरातल्या माणसानं सुट्टीत शेतावर राबायला जायचं, ही कल्पना काही आजची नाही. १९७१ साली लंडनमध्ये सेक्रेटरीची नोकरी करणाऱ्या स्यू कोपर्ड यांना शनिवार-रविवारी तरी शहराबाहेर, गावात राहावंसं वाटत होतं. पैसे देऊन हॉटेलात राहण्यापेक्षा शेतावर काम करावं आणि तिथंच जेवावं-झोपावं, असं त्यांनी ठरवलं. पहिल्या खेपेला ससेक्समधल्या एका सेंद्रिय शेतावर इनमीन चार माणसं गेली. त्यातून ‘वूफ’ ही चळवळ उभी राहिली आणि जगभर पसरली. पद्धत साधी आहे. दिवसाचे चार-सहा तास काम करायचं, त्या बदल्यात राहायला जागा, जेवण आणि शेतीचं शिक्षण मिळतं. पैशांची देवघेव नाही.

यातली मजेची गोष्ट म्हणजे या नावाचा प्रवास. आधी त्याचा अर्थ ‘वर्किंग वीकेंड्स ऑन ऑरगॅनिक फार्म्स’ असा होता. पुढे ‘विलिंग वर्कर्स’ झाला आणि शेवटी ‘वर्ल्ड वाइड ऑपॉर्च्युनिटीज’. ‘वर्कर’ हा शब्द काढावा लागला, कारण हे मजुरांचं स्थलांतर आहे असा घोळ व्हायला लागला. म्हणजे काम तेच, पण त्याला काम म्हणायची पंचाईत. या पंचाईतीतच सगळी मेख आहे. काम आहे, तर मजुरी का नाही? आणि काम नाही, तर मग ते आहे तरी काय?

ऑरोविलमध्ये हा प्रश्न जास्तच टोचतो. २८ फेब्रुवारी १९६८ला पुद्दुचेरीजवळ या वसाहतीची स्थापना झाली, तेव्हा १२४ देशांतली माती एका कलशात एकत्र केली गेली. कुठल्याही एका देशाचं नसलेलं, पन्नास हजार माणसांचं शहर उभं करायचं स्वप्न होतं. आज तिथं साधारण तीन हजार लोक राहतात. पण पहिल्या पिढीनं एक काम खरंच करून दाखवलं. तिथलं पठार तेव्हा उजाड होतं. तांबडी माती पावसाबरोबर वाहून समुद्रात जायची. या लोकांनी बांध घातले, पाणी अडवलं, झाडं लावली. आज तिथं सावलीतून सायकल चालवताना हे सगळं एके काळी बोडकं होतं यावर विश्वास बसत नाही.

त्याच वाटेवर पुढे २००३ साली अविराम आणि योरिट रोझिन या इस्रायली दांपत्यानं ऑरोविलच्या कडेला सत्तर एकर धूप झालेल्या जमिनीवर ‘साधना फॉरेस्ट’ सुरू केलं. तिथलं मूळचं कोरडं सदाहरित जंगल परत आणायचं आणि ते येणाऱ्या-जाणाऱ्या व्हॉलंटिअर्सच्या हातांनी, असा तो बेत. पुढे हैती आणि केनियातही त्यांनी असं काम उभं केलं. तेव्हा व्हॉलंटिअर्सच्या जिवावर काहीच उभं राहत नाही, असं मी म्हणणार नाही. उभं राहतं. पण ते कुणाच्या जिवावर, हे नीट बघायला हवं.

माझे बावन्न तास

मी होते ते शेत वेगळं आणि बरंच छोटं. नाव सांगायची गरज नाही. झोपडीत माझ्याबरोबर फ्रान्सची एक नर्स आणि कोरियाची एक विद्यार्थिनी होती. उजाडताच उठायचं, चार तास काम करायचं, मग पोटभर जेवण. भात, नाचणी, शेवग्याचा पाला, पपई. दुपारी मोकळं. रविवारी सुट्टी.

दुसऱ्याच दिवशी मी एका वाफ्यातलं तण उपटायला बसले. शेतकऱ्याची पोरगी म्हणून जरा तोऱ्यातच होते. अर्ध्या तासात वाफा स्वच्छ केला. मागून आसपासच्या गावातून रोज कामाला येणाऱ्या एक बाई आल्या. त्यांनी माझ्या ढिगातलं एक रोप उचललं, दुसरं उचललं आणि कपाळावर हात मारून हसायला लागल्या. मी उपटली होती ती माठाची रोपं होती. मुद्दाम पेरलेली. त्यांनी काही न बोलता त्यातली धडकी रोपं निवडली, परत लावली आणि पाणी दिलं. त्यात त्यांची पाऊण तासाची खोटी झाली. स्वतःचं काम बाजूला ठेवून.

त्यांना सगळे ‘अक्का’ म्हणायचे. तमिळमध्येही मोठ्या बहिणीला अक्काच म्हणतात, हे मला तिथं कळलं. त्या दिवसापासून मी अक्कांच्या शेजारची ओळ धरली. त्यांची ओळ संपून परतायची वेळ यायची, तेव्हा मी अजून मध्यावर असायचे.

तुम्ही म्हणाल, शेतकऱ्याच्या मुलीला माठ ओळखू येऊ नये? नाही आला, आणि त्याचं कारण आमच्यासारख्या बऱ्याच घरांत सापडेल. मी खुरपं हातात घेतलं की आई म्हणायची, ‘ठेव ते, अभ्यासाला बस.’ शिकायचं म्हणजे रानातनं सुटायचं, हे घरात न बोलता ठरलेलं होतं. आईबापांनी मला मातीपासून लांब ठेवलं ते मायेनंच. आणि मी ती माती बघायला हजार किलोमीटरवर गेले.

परतताना गाडीत मी हिशोब मांडला. पंधरा दिवसांतले दोन रविवार गेले, राहिले तेरा दिवस. रोजचे चार तास धरले तर बावन्न तास. त्यातले पहिले तीन दिवस शिकण्यात आणि चुकण्यात गेले, म्हणजे हातात चाळीस तास. अक्का दिवसाला आठ तास काम करायच्या, म्हणजे त्यांचे पाच दिवस. त्यांचा हात माझ्या दुप्पट चालायचा, म्हणजे खरं तर अडीच. त्यातून मला शिकवणाऱ्यांचा वेळ आणि माठाचा वाफा वजा करा. माझं योगदान म्हणून काय उरलं, ते तुम्हीच सांगा.

ती फ्रेंच नर्स दोन महिन्यांसाठी आली होती. ती म्हणाली, तिसऱ्या आठवड्यापासून आपण थोडे उपयोगी पडायला लागतो. मी पंधराव्या दिवशी निघाले. म्हणजे कामाला येण्याच्या बेतात होते तेव्हा.

आणखी एक गोष्ट. आपण सगळे तिथं डिसेंबर ते मार्चमध्ये जातो, कारण हवा छान असते. पण लावलेल्या रोपाची खरी परीक्षा मे महिन्यात होते. तेव्हा गर्दी ओसरलेली असते. पाणी घालायला असतात ते तिथंच कायम राहणारे आणि आसपासच्या गावांतले कामगार. शेत चालतं ते त्यांच्यावर. आपल्या फोटोंत मात्र ते नसतात, आणि असले तर पार्श्वभूमीला. मीही अक्कांचा एक फोटो स्टेटसला टाकला होता. त्यांना न विचारता.

मग ही फुकटची मजुरी का?

काहींचं म्हणणं असं की हे सगळं फुकट राबवून घेणं आहे. वर जेवणाचे पैसेही घेतात. मलाही सुरुवातीला तसं वाटलं होतं. पण वरचा हिशोब मांडल्यावर ते म्हणणं टिकत नाही. नवशिक्याला कामाला लावणं शेताला महागच पडतं. त्याला शिकवायचं, जेवू घालायचं, त्याच्या चुका निस्तरायच्या. दोन आठवड्यांच्या पाहुण्याकडून जेवणाचे पैसे घेणं मला रास्त वाटतं. आपण क्लासची फी भरतोच की.

धोका वेगळ्या ठिकाणी आहे. जिथं व्हॉलंटिअरला आठ-नऊ तास जुंपलं जातं, सुट्टी नाही, शिकवणं नाही आणि आधी रोजंदारीवर असलेल्या माणसाच्या जागी त्याला उभं केलं जातं, तिथं ती फुकटची मजुरीच. त्यात नुकसान दोघांचं होतं. तुमचं थोडं, आणि ज्याचा रोज बुडाला त्याचं जास्त. तुम्ही हौसेनं फुकट केलेल्या कामावर कुणाची तरी चूल पेटत असते, हे विसरून चालत नाही.

म्हणून जाण्याआधी बिनधास्त प्रश्न विचारा. दिवसाला किती तास काम? आठवड्याला सुट्टी किती? दिलेल्या पैशांत काय काय येतं? शिकवणार कोण? तिथं पगारी कामगार आहेत का, आणि आमच्या येण्यानं त्यांचं काम कमी होतं का? मुलींसाठी राहण्याची सोय कशी आहे, आजारी पडलं तर जवळचा दवाखाना कुठं? परदेशात जाणार असाल तर टुरिस्ट व्हिसावर असं काम चालतं का, हे त्या देशाच्या नियमांत आधी बघा. ‘पगार नाही म्हणजे ते काम नाही’ असं सगळीकडे मानत नाहीत. चांगली शेतं या प्रश्नांना सरळ उत्तरं देतात. जिथं उत्तराऐवजी ‘इथली एनर्जीच वेगळी आहे’ असं ऐकायला मिळेल, तिथं जाऊ नका.

संडासाची पाळी

त्या पंधरा दिवसांत मी खरं काय शिकले, तर ते शेतात नाही, संडासात. तिथले संडास कोरडे होते. पाण्याऐवजी भुसा टाकायचा, पिंप भरलं की ते खताच्या खड्ड्याकडे न्यायचं. फळ्यावर सगळ्यांच्या पाळ्या लिहिलेल्या. नर्स, इंजिनीअर, शेत चालवणारे, कुणालाही सूट नाही. चौथ्या दिवशी माझं नाव होतं. रात्रभर झोप आली नाही. सकाळी हातमोजे घालून पिंप उचललं, नेलं, ओतलं, भुसा टाकला. वीस मिनिटांत संपलं. अंघोळ करून जेवायला बसले आणि मग लक्षात आलं, आमच्या हॉस्टेलचे संडास रोज एक मावशी साफ करतात. तीन वर्षांत मला त्यांचं नावसुद्धा माहीत नव्हतं.

तिथं एक मुलगा हे काम ‘लिबरेटिंग’ आहे म्हणाला. असेल त्याच्यासाठी. पण पंधरा दिवसांतून एकदा हौसेनं पाळी करणं आणि जन्मानं ते काम वाट्याला येणं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. हातानं मैला उचलायला लावण्याविरुद्ध आपल्या देशाला १९९३मध्ये आणि पुन्हा २०१३मध्ये कायदा करावा लागला. तरी माणसं गटारात उतरून मरतात. ती कुठल्या जातींतली असतात, हे आपल्याला माहीत आहे.

हे समजायला ऑरोविललाही जायला नको होतं. आपल्या कोकणात आप्पासाहेब पटवर्धन होऊन गेले. रत्नागिरीच्या तुरुंगात असताना मैला सफाईचं काम मला करू द्या, अशी त्यांची मागणी होती. सवर्ण कैद्याला ते काम देता येणार नाही, म्हणून ती नाकारली गेली. १९३२च्या डिसेंबरमध्ये येरवड्याच्या तुरुंगातून गांधीजींनी त्यासाठी उपास केला. पुढे १९४८मध्ये आप्पांनी कणकवलीजवळ गोपुरी आश्रम काढला. मैल्याचं खत करणारा ‘गोपुरी संडास’ही त्यांचाच. मी तमिळनाडूत ज्या पिंपाला घाबरले, त्याचा भाऊबंद आपल्याकडे कधीचाच होता. आप्पांनी मात्र ते काम पंधरा दिवस केलं नाही. आयुष्यभर केलं, आणि ज्यांच्या माथी ते मारलं होतं त्यांच्या माथ्यावरून ते उतरावं म्हणून केलं.

फेडायचं कुठं?

मग जायचंच कशाला? कारण काही गोष्टी घरात दिसत नाहीत. आईचं भांगलणं मी वीस वर्षं बघत होते, पण ते कौशल्य आहे हे मला अक्कांच्या शेजारी ओळीत बसल्यावर कळलं. हॉस्टेलच्या मावशी रोज दिसत होत्या, पण त्यांचं काम काय आहे ते फळ्यावर माझं नाव आल्यावर कळलं. अनोळखी जागी आपला रुबाब गळून पडतो, म्हणून डोळे उघडतात. हा त्या मुक्कामाचा मोठा फायदा, आणि तो आपला असतो. शेताचा नाही.

आपल्याकडेही अशा जागा आहेत. बाबा आमट्यांनी सुरू केलेली सोमनाथची श्रमसंस्कार छावणी दरवर्षी भर मे महिन्यात भरते, तीही चंद्रपूर जिल्ह्यात. कुष्ठरोगातून बरे झालेल्या माणसांनी तिथली शेती उभी केली. म्हणजे तिथं तुम्ही ‘बिचाऱ्यांना’ मदत करायला जातच नाही, यजमान तेच असतात आणि शिकवणारेही. १९६९पासून चालू असलेली एनएसएसही आहेच. दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचं शिबिर. आपण ती ग्रेस मार्कांसाठी करतो, शिबिरात शोषखड्डा खणतो, शेकोटीभोवती गाणी म्हणतो आणि घरी येतो. पण तिच्यात एक शहाणपण दडलेलं आहे, ते म्हणजे दत्तक गाव. पुन्हा पुन्हा त्याच गावात जायचं. आपण खणलेला शोषखड्डा पुढच्या पावसाळ्यात तुंबला की चालला, हे बघायला कुणीतरी परत जायला हवं. तसं झालं तर सात दिवससुद्धा कमी नाहीत. तसं होत नाही, तर सात महिनेही सहलच.

म्हणून माझ्या मते दोन चांगल्या वाटा आहेत. जमत असेल तर लांबचा मुक्काम करा. महिना, दोन महिने, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तिथंच. दहा शेतं बघण्यापेक्षा एका शेताचे दोन हंगाम बघा. ते जमत नसेल, आणि आपल्यातल्या बहुतेकांना सुट्टीमुळे आणि पैशांमुळे जमणार नाही, तर शिकायला म्हणूनच जा, त्याची किंमत द्या, रेझ्युमेत ‘समाजसेवा’ लिहू नका आणि शिकलेलं घरी फेडा.

निघायच्या आदल्या दिवशी तिथल्या एका मुलाला मध्ये घेऊन अक्कांनी मला विचारलं, ‘तुझ्या घरी शेती आहे?’ म्हटलं, आहे. ‘मग इथं कशाला आलीस?’ पुन्हा आजीचाच प्रश्न, फक्त तमिळमध्ये. मी त्यांना फोटोबद्दल सांगितलं, माफी मागितली. त्यांनी मोबाइल घेऊन फोटो बघितला आणि म्हणाल्या, यात माझी साडी जुनी आहे, दुसरा काढ.

हॉस्टेलच्या मावशींचं नाव आता मला माहीत आहे. आमच्या मजल्यावर रविवारी संडास आम्ही पाळीपाळीनं धुतो, त्यांना त्या दिवशी सुट्टी असावी आणि ती पगारी असावी म्हणून वॉर्डनकडे अर्ज केला. सुट्टी मिळाली. पगाराचं अजून भांडण चालू आहे.

आणि त्याच फेब्रुवारीत शनिवार-रविवार धरून घरी गेले. उन्हाळी भुईमुगाचं भांगलण चाललं होतं. आईच्या शेजारची ओळ धरली. ‘अभ्यास नाही का?’ आईनं विचारलं. म्हटलं, हाच चाललाय. तिची ओळ संपली तेव्हा मी मध्यावर होते. बांधावर बसलेली आजी लांबूनच ओरडली, ‘आगं, भुईमूग उपटू नगंस म्हणजे झालं!’